तोलेदोचा बाजार आणि भवानी पेठ

सोलापूरच्या भवानी पेठेत सकाळी यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो, तेव्हा भाषाही कामाला लागलेल्या असतात. घोंगडे वस्तीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका एकमेकींशी तेलुगूत बोलतात. भाजीवाला दारात आला की त्याच्याशी घासाघीस कानडी वळणाच्या मराठीत होते आणि शाळेला उशीर करणाऱ्या पोराला रागवायला पुन्हा तेलुगू. मागावरच्या गड्यांचं आपसातलं बोलणं दखनी हिंदीत चालतं. याला इथं कुणी विद्या म्हणत नाही. पण ही विद्याच आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि आज ते एका फार लांबच्या भाषेच्या निमित्तानं सांगायचं आहे. ती भाषा म्हणजे स्पॅनिश.

बारावी झालेली मुलगी घरात म्हणाली, मला स्पॅनिशची पदवी घ्यायची आहे, की पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. प्रश्न रास्त आहे. महिन्याच्या पगारावर घर चालणाऱ्यांनी तो विचारलाच पाहिजे. त्याचं उत्तरही आहे: वीस देशांची राजभाषा, जवळपास पन्नास कोटी लोकांची मायबोली, त्यामुळे कंपन्यांत, भाषांतरात, पर्यटनात, शिकवण्यात काम मिळतं. पण एवढ्यासाठी सहा महिन्यांचा क्लासही पुरेल. विद्यापीठात तीन-चार वर्षं भाषा, साहित्य आणि संस्कृती एकत्र शिकायची ती कशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर मला एका कादंबरीत सापडतं. स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसची 'दोन किखोते' ही कादंबरी आपल्याकडे डॉन क्विक्झोट या नावानं ओळखीची आहे. पवनचक्क्यांशी लढणारा वेडा सरदार सगळ्यांना ठाऊक असतो. पण 1605 साली आलेल्या पहिल्या भागाचं नववं प्रकरण फारसं कुणी सांगत नाही. आठव्या प्रकरणात दोन वीर तलवारी उगारून उभे आहेत आणि गोष्ट तिथंच तुटते. लेखक म्हणतो, पुढचं मला सापडेना. मग एके दिवशी तोलेदो शहराच्या बाजारात एक पोरगा रेशमाच्या व्यापाऱ्याला जुन्या वह्या आणि रद्दी विकायला येतो. रस्त्यावर पडलेला कागदसुद्धा वाचायची या लेखकाला खोड. तो एक वही उचलतो, तर लिपी अरबी. वाचून दाखवणारा कोणी आहे का म्हणून तो इकडेतिकडे बघतो, आणि बाजारात असा माणूस लगेच भेटतो. तो मोरिस्को, म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांना सक्तीनं ख्रिस्ती व्हावं लागलं अशा मुसलमान घराण्यातला. तो वही उघडतो, समासातली एक ओळ वाचतो आणि हसत सुटतो. हीच ती राहिलेली गोष्ट! लेखक घाईनं सगळ्या वह्या विकत घेतो, त्या माणसाला चर्चच्या आवारात नेतो आणि भाषांतराची बोली करतो. मोबदला ठरतो दोन आरोबा मनुका, म्हणजे आपल्या हिशेबानं तेवीसेक किलो, आणि दोन फानेगा गहू. काम हातचं सुटू नये म्हणून त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतो. दीडेक महिन्यात काम पुरं होतं.

सगळा प्रसंग अर्थातच सर्व्हांतेसनं रचलेला आहे. तरी मला तो खराच वाटतो, कारण तसा बाजार मी रोज बघतो. सूत आणि रेशमाचे व्यापारी, दोन-तीन भाषा बोलणारी गरीब माणसं, आणि या माणसांच्या ज्ञानाचा चटकन उपयोग करून घेणारे लोक. युरोपातली एवढी मोठी कादंबरी एका बाजारातल्या दुभाष्याच्या भरवशावर पुढे सरकते, आणि लेखकानं त्याचं नाव मात्र कुठंही दिलेलं नाही. 1609पासून स्पेनच्या राजानं या मोरिस्को लोकांना देशाबाहेर घालवलं. सुमारे तीन लाख माणसं गेली. 1615च्या दुसऱ्या भागात दोन किखोतेचा सेवक सांचो याचा जुना शेजारी, रिकोते नावाचा मोरिस्को दुकानदार, वेषांतर करून गावाकडे परत येतो आणि रस्त्याकडेला बसून सांचोबरोबर भाकरतुकडा खातो. हद्दपार झाला तरी ओढ त्याला त्याच देशाची. पोटासाठी तेलंगण सोडून सोलापुरात मागावर उभ्या राहिलेल्या घरांतल्या मुलांना रिकोते समजावून सांगावा लागणार नाही. हॉटेलात खोली कशी मागायची एवढंच स्पॅनिश शिकणाऱ्याला तो कधी भेटतच नाही.

स्पॅनिश साहित्यात आपलंही काही सापडतं. 1251च्या सुमारास पंचतंत्र कास्तिल्यातल्या स्पॅनिशमध्ये आलं. संस्कृतातून पहलवीत, तिथून अरबीत आणि अरबीतून तिकडे. आपले करटक आणि दमनक तिथं कालिला आणि दिम्ना झाले. स्पॅनिश गद्याचा इतिहास शिकताना विद्यार्थी सुरुवातीलाच या दोन कोल्ह्यांपाशी येतो. उलटा प्रवासही झाला आहे. स्पॅनिश नाटककार लोर्काचं 'येर्मा' हे खेड्यातल्या मूल नसलेल्या बाईचं नाटक 1934 साली माद्रिदच्या रंगमंचावर आलं, आणि पुढे मराठीत 'चांगुणा' होऊन आपल्या प्रेक्षकांसमोर उभं राहिलं.

भाषेचं म्हणाल तर मराठी पोरांना ती जड जाऊ नये. त, द आणि र आपलेच. मोठ्यांशी आणि बरोबरीच्यांशी वेगळं बोलायची रीत तीच. 'मला आवडतं' ही वाक्याची घडणसुद्धा तिथं जशीच्या तशी आहे, इंग्रजीतून आलेल्याला जिच्यावर महिनाभर अडखळायला होतं.

सोलापूरला लांबच्या भाषेचं वावडं कधीच नव्हतं. इथं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्या पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले होते. कोटणीस चिनी शिकले, त्या भाषेत रुग्णांशी बोलले, तिथंच संसार मांडला आणि 1942 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. चिनी माणसं आजही त्यांचं नाव घेतात, ते त्यांच्या शस्त्रक्रियांसाठी जितकं, तितकंच ते त्यांच्यातले झाले म्हणून.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिशचे छोटे अभ्यासक्रम आहेत. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादला इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात पूर्ण पदवी आहे. तिथं स्पॅनिशचं एक अक्षर येत नसलेल्यांनाही अगदी पहिल्या धड्यापासून शिकवतात. दिल्ली लांब आहे, मान्य. पण हैदराबाद सोलापूरहून तीनशे किलोमीटरच्या आसपास, थेट रेल्वे आहे, आणि स्टेशनबाहेर पडलं की भवानी पेठेत बोलतात तीच तेलुगू. पोरीनं विषय काढला असेल तर आज तिच्याशी बसून नीट बोला, खर्चाचा हिशेब मांडा, वसतिगृहाची चौकशी करा. आणि तिला अर्ज भरू द्या.