बाहेरचा पैसा

सीमाभागात राहणाऱ्या माणसाने ‘बाहेरचा’ हा शब्द जपूनच वापरावा. तो उद्या आपल्यालाच चिकटेल, याचा नेम नसतो. तरीही एक प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. एखाद्या गोष्टीचा निवाडा लोक थेट मत देऊन करणार असतील, तर त्या प्रचारात परक्याने पैसा ओतावा का?

अमेरिकेत उमेदवाराला परदेशी पैसा घेता येत नाही. पण ही बंदी राज्यातल्या सार्वमताला लागू नाही, असा निर्वाळा तिथल्या संघीय निवडणूक आयोगाने 2021 मध्ये दिला. त्याच वर्षी मेन राज्यात एका विजेच्या लाइनीवर सार्वमत झाले. वीज कॅनडातल्या क्वेबेकची, गिऱ्हाईक मॅसॅच्युसेट्स आणि जंगल तुटणार मेनचे! क्वेबेक सरकारच्या मालकीच्या हायड्रो-क्वेबेकने प्रचारात 2 कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. तरी सुमारे 59 टक्के मतदारांनी लाइन नाकारली. मग पैशाने बिघडले काय, असे कोणी विचारील. चोरी फसली म्हणून कोणी कुलूप काढून ठेवत नाही.

पण गंमत अशी, की लाइनीविरुद्धचा मोठा पैसाही नेक्स्टएरा या फ्लॉरिडातल्या वीज कंपनीचा होता. मेनच्या शेतकऱ्याला तीही परकीच. म्हणजे नुसते परकेपण हे माप पुरत नाही. क्वेबेकचे सरकार जाब देते ते क्वेबेकच्या मतदाराला. मेनचा मतदार त्याला खाली खेचू शकत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे. 2023 मध्ये मेनच्या सुमारे 86 टक्के मतदारांनी परदेशी सरकारांचा पैसा बंद करणारा कायदा मंजूर केला. मात्र परदेशी सरकारचा 5 टक्के वाटा असलेली अमेरिकन कंपनीही त्यात सापडली आणि 2024 मध्ये संघीय न्यायालयाने अंमलबजावणी रोखली.

आपल्याकडे सार्वमत म्हणावे असे एकच आठवते, 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रातून वक्ते गेले, बोलले. मत मात्र तिथल्याच मतदाराने दिले. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरालाही ते नव्हते. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170, विरुद्ध 1,72,191. निकाल अनेकांना झोंबला. पण तो भोगायचा होता त्यांनीच तो दिला होता. परक्याने येऊन बोलावे, यात मला वावगे वाटत नाही. ऐकणारा माणूस बोलणाऱ्याचे गाव पाहून त्याचे शब्द तोलतो.

या मापाने ओहायोचा 2024 चा कायदा मला खटकतो. त्याने परदेशी नागरिकांना सार्वमतासाठी पैसा द्यायला बंदी केली आणि त्यात ग्रीनकार्डवाल्यांनाही ओढले. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुले तिकडे ग्रीनकार्डावर आहेत. ती तिथे कर भरतात, त्यांची पोरे तिथल्याच शाळेत जातात. त्यांचे शंभर डॉलर आणि क्वेबेक सरकारचे 2 कोटी एका तराजूत कसे घालायचे? ऑगस्ट 2024 मध्ये एका न्यायाधीशाने त्यांना मोकळीक दिली. ऑक्टोबरमध्ये, ऐन मतदानाच्या तोंडावर, वरच्या न्यायालयाने तीही स्थगित केली.