इशानंतरची गोडी : नफ्स, शरीर आणि मध्यममार्ग

रमजानमध्ये 13-14 तास पाण्याचा थेंबही घशाखाली न उतरवणारा मनुष्य, रमजान सरताच, रात्री साडेनऊ वाजता मिठाईच्या डब्यापुढे का हरतो? डॉक्टरांनी वजन उतरवण्याची ताकीद दिलेल्या अनेक बंधुभगिनींकडून हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत कानी येतो. सकाळची न्याहारी बेताची होते, दुपारचे जेवणही मापात राहते. मात्र इशाची नमाज आटोपून घर निवांत झाले की जीव गोडासाठी कासावीस होतो. एक नानकटाई, मग दुसरी, मग फिरनीची उरलेली वाटी. पाठोपाठ पश्चात्ताप येतो आणि त्याला चिकटून एक अधिक बोचरा प्रश्न येतो : "मौलानासाहेब, माझे ईमानच दुबळे आहे काय?"

मिंबरवरून बोलण्याच्या मोठ्या विषयांपुढे हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या धर्माने घास कोणत्या हाताने उचलावा हेही शिकवले, त्या धर्मात घास कोठे थांबवावा हा प्रश्न क्षुल्लक कसा ठरेल? शिवाय येथे पणाला लागलेली गोष्ट केवळ कमरेचा घेर नाही. मनुष्य स्वतःला कोणत्या नजरेने पाहतो, आपल्या दुर्बलतेचा अर्थ कसा लावतो आणि त्या दुर्बलतेसह आपल्या पालनकर्त्यासमोर कसा उभा राहतो, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम ओढीविषयी. गोडाची ओढ स्वतःहून पाप नव्हे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनावरून, जे इमाम बुखारी (रह.) यांनी नोंदवले आहे, अल्लाहच्या प्रेषितांना (स.) गोड पदार्थ आणि मध प्रिय होते. जी आवड प्रेषितांच्या (स.) ठायी होती तिला मूलतः वाईट म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? मनात उठणाऱ्या विचारांवर, ते कृतीत वा उच्चारात उतरेपर्यंत, या उम्मतची पकड होणार नाही, अशीही सुवार्ता हदीसमध्ये आलेली आहे. येथे तर ज्या वस्तूचा विचार मनात येतो ती वस्तूच मुळात हलाल आहे.

या ओढीला शारीरिक कारणेही आहेत. मानवी देहाच्या आतील घड्याळानुसार भूक आणि गोडाची वासना सकाळी मंद असते, संध्याकाळनंतर वाढते. दिवसा पोटाला फार मारले, न्याहारी टाळली, जेवणात डाळ, अंडी, मांस, भाजी कमी आणि भात-पाव अधिक राहिला, तर देह आपली थकबाकी रात्री मागतो. अपुऱ्या झोपेने भूक आणखी चाळवते. त्यातच दिवसभराचा शिणवटा, दुकानाची वा कचेरीची चिंता, मुलांची कटकट यांवर उतारा म्हणून मन गोड मागते. दिव्य कुरआनने सूरह अन-निसाच्या 28व्या आयतीत मनुष्य दुर्बल निर्माण केला गेल्याचे सांगितले आहे, आणि तेही ओझे हलके करण्याच्या ईश्वरी इच्छेच्या संदर्भात. म्हणजे आपल्या दुर्बलतेची जाणीव निर्मात्याला आहे. ती लपवण्याची गरज नाही. तिची व्यवस्था लावण्याची गरज आहे.

मग रमजानमध्ये हाच मनुष्य जिंकतो तो कशाच्या बळावर? बारकाईने पाहिले तर रोजाला चार आधार असतात. पहिला आधार नीयतीचा. निर्णय भूक लागण्यापूर्वीच झालेला असतो, प्रत्येक तासाला नव्याने घ्यावा लागत नाही. दुसरा आधार सीमेचा. पहाट आणि सूर्यास्त या दोन रेषा इतक्या स्पष्ट आहेत की वादाला जागाच उरत नाही. तिसरा आधार शेवटाचा. मगरिब होणारच हे ठाऊक असल्यामुळे धीर टिकतो. चौथा आधार सोबतीचा. सारे घर, सारा मोहल्ला एकाच वेळी थांबलेला असतो.

आता रात्रीच्या साडेनऊची स्थिती पाहा. निर्णय त्या क्षणी, थकलेल्या मनाने घ्यायचा असतो. "थोडेसे" म्हणजे किती याला सीमा नसते. हा संयम कधी संपणार याचा पत्ता नसतो. आणि मनुष्य स्वयंपाकघरात एकटा असतो. चारही आधार काढून घेतल्यावर भिंत कोसळली, तर दोष एकट्या ईमानाला देणे न्यायाचे नाही. कुरआनने नफ्सच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : वाईटाकडे ढकलणारा अम्मारा, स्वतःची निर्भर्त्सना करणारा लव्वामा आणि समाधान पावलेला मुत्मइन्ना. ज्याला रात्रीच्या त्या वाटीबद्दल बोचणी लागते तो निदान पहिल्या अवस्थेत गाढ झोपलेला नाही. परंतु बोचणी हे औषध आहे, अन्न नव्हे. ती दिवसरात्र चघळत बसल्यास मनुष्य निराश होतो, आणि निराश मनुष्य दुसऱ्या रात्री डबा पुरता रिकामा करतो.

या निराशेतून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. "अल्लाहची शपथ, आजपासून साखरेला हात लावणार नाही", अशी प्रतिज्ञा होते, किंवा "गोड माझ्यावर हराम" असे शब्द तोंडून निघतात. येथे फार सावध असले पाहिजे. सूरह अत-तहरीमच्या पहिल्या आयतीची पार्श्वभूमी हजरत आयेशा (रजि.) यांच्याच एका कथनात मधाशी निगडित आहे. प्रेषितांनी (स.) पुन्हा मध न घेण्याचे ठरवले, तेव्हा अल्लाहने हलाल केलेली वस्तू आपण स्वतःवर निषिद्ध का करता, अशा आशयाची विचारणा झाली. सूरह अल-माइदाच्या 87व्या आयतीतही श्रद्धावंतांना हीच मनाई आहे. अल्लाहच्या नावाने घेतलेली शपथ मोडली तर कफ्फारा द्यावा लागतो : दहा गरजूंना जेवण वा वस्त्र, आणि ते शक्य नसल्यास तीन रोजे. "माझ्यावर हराम" या नुसत्या उद्गारालाही हनफी फिकहमध्ये शपथेचे स्थान आहे, तर शाफई मतानुसार अन्नाच्या बाबतीत तो उद्गार निष्फळ ठरतो. दख्खनमध्ये बहुसंख्य मुसलमान हनफी आणि कोकणात बहुसंख्य शाफई असल्यामुळे एकाच वाक्याचा हुकूम सोलापुरात एक आणि रत्नागिरीत दुसरा निघू शकतो. शहाणपण यात आहे की जीभच आवरावी. "मी खाणार नाही" हा संयम आहे. "हे माझ्यावर हराम आहे" हा अधिकाराबाहेरचा हस्तक्षेप आहे.

मात्र हलाल आहे म्हणून हवे तेवढे, हाही युक्तिवाद टिकत नाही. सूरह अल-अअराफच्या 31व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक आणि अतिरेकाची मनाई एकाच दमात आलेली आहे, आणि लगेच 32व्या आयतीत पवित्र अन्न निषिद्ध ठरवणाऱ्यांना जाब विचारलेला आहे. मध्यममार्ग या दोन आयतींच्या मधोमध उभा आहे. हजरत मिकदाम बिन मअदीकरिब (रजि.) यांच्या कथनात पोट हे मनुष्याने भरलेले सर्वांत वाईट भांडे म्हटले आहे. पाठ ताठ ठेवण्यापुरते घास पुरेसे, आणि अधिक हवेच असेल तर एक तृतीयांश अन्नाला, एक तृतीयांश पाण्याला आणि एक तृतीयांश श्वासाला, अशी वाटणी तेथे सांगितली आहे.

आजच्या मापात बोलायचे तर जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेचा वाटा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवण्याची शिफारस केली, आणि 5 टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे 25 ग्रॅम किंवा सहा चमच्यांच्या आत राहिल्यास अधिक लाभ होईल असे सुचवले. आपल्या घरी कपाला दोन चमचे साखर घालून चार वेळा चहा होत असेल, तर सुमारे 32 ग्रॅम साखर मिठाईच्या पहिल्या तुकड्याआधीच पोटात गेलेली असते. या मोजणीत मधही धरलेला आहे. सूरह अन-नहलमध्ये मधात शिफा असल्याचे सांगितले आहे, हे सत्य आहे. परंतु औषधालाही मात्रा असते. सुन्नत म्हणून पोळीवर वाटीभर मध ओतणारा मनुष्य सुन्नतचे अनुसरण करतो की आपल्या जिभेचे, हे त्यानेच ठरवावे. खजुराचेही तसेच. वाळलेल्या खजुराच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते.

देह ही अमानत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) अखंड रोजे आणि रात्रभर इबादत करीत, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना शरीराचाही त्यांच्यावर हक्क असल्याचे समजावले. हा हक्क दुहेरी आहे. उपाशी मारणेही हक्क बुडवणे आणि मधुमेहाची खूण दिसत असताना रोज रात्री गोड रिचवणेही हक्क बुडवणेच. ज्याला जाणत्या डॉक्टरांनी स्पष्ट अपायाची सूचना दिली आहे, त्याच्यासाठी गोष्ट केवळ आवडीनिवडीची राहत नाही. स्वतःला विनाशाकडे न लोटण्याची सूरह अल-बकराची (आयत 195) शिकवण त्याला लागू होते.

येथे एक आक्षेप येतो. वजन उतरवणे ही तर दुनियेची गोष्ट, आरशापुढची हौस. तिला दीनचा मुलामा कशाला? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून उत्तर नीयतीपाशी शोधावे लागते. लग्नात कोणी टोमणा मारू नये एवढ्यासाठी केलेला संयम त्या टोमण्यापुरताच टिकेल. सजद्यात गुडघे साथ देवोत, म्हातारपणी मुलांवर भार पडू नये, मिळालेले आयुष्य उपयोगी लागो, या नीयतीने तोच संयम पुण्याचे काम ठरतो. घास तोच, सोडणाराही तोच. मोल नीयतीने बदलते. म्हणूनच केवळ वजनासाठी उपाशी राहून त्याला रोजा म्हणू नये. सोमवार-गुरुवारचे सुन्नत रोजे अल्लाहसाठी ठेवावेत, देहाला लाभ झाला तर तो वरकड. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच असे रोजे ठेवावेत.

इमाम गजाली (रह.) यांनी इहया उलूमिद्दीनमध्ये पोटाच्या वासनेवर विस्ताराने लिहिले आहे. भुकेची एवढी थोरवी गाऊनही अंतिम उद्दिष्ट मध्यम अवस्था हेच असल्याचे ते सांगतात. मनुष्याचा ओढा तृप्तीच्या टोकाकडे असल्यामुळे त्याला मध्यावर आणण्यासाठी उलट दिशेने ओढावे लागते. तेथेच त्यांनी एका आफतीची जाणीव दिली आहे : लोकांपुढे सोडायचे आणि एकांतात खायचे. दावतीत "मी गोड सोडले" असे सांगून वाहवा घेणारा आणि रात्री फ्रिज उघडणारा मनुष्य दोनदा हरतो, एकदा जिभेपुढे आणि एकदा दिखाव्यापुढे. त्यापेक्षा दावतीत यजमानाच्या समाधानासाठी दोन घास उघडपणे घेऊन थांबणारा बरा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना उद्देशून. सुनेच्या, मुलीच्या वा भावाच्या अंगकाठीवरून थट्टा करण्याची सवय आपल्यात रुळली आहे. सूरह अल-हुजुरातच्या 11व्या आयतीने उपहास निषिद्ध केला आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या बारीक पायांना पाहून काही सहाबा हसले, तेव्हा अल्लाहच्या तराजूत ते पाय उहुद पर्वताहून जड असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. मनुष्याचे खरे वजन कोणत्या काट्यावर होते हे यावरून कळावे. ज्या घरात दिवसभर देहावरून टोमणे बसतात, त्या घरात रात्री चोरून खाणे वाढते. थट्टेने कोणाचेही वजन उतरल्याचे पाहण्यात नाही.

मग करावे काय? रोजाचे चार आधार रात्रीला परत द्यावेत. निर्णय असरच्या सुमारास, मन ताजे असताना घ्यावा : आज गोड घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर किती. सीमा ठरवावी. उदाहरणार्थ, रात्रीचे जेवण मगरिबनंतर पोटभर आणि सकस घ्यावे, गोड हवे असल्यास त्याच जेवणाबरोबर वाटीत काढून घ्यावे, आणि इशाला जाण्यापूर्वी दात घासून, मिस्वाक करून स्वयंपाकघर बंद करावे. शेवट ठरवावा. "आयुष्यभर नाही" या ओझ्यापेक्षा "उद्याच्या जुमापर्यंत नाही" हे ओझे उचलता येते. आणि सोबत मिळवावी. पती-पत्नींनी मिळून चहातील साखर पाऊण चमच्याने घटवावी. घरात आलेला मिठाईचा डबा त्याच दिवशी शेजाऱ्यांत वाटून टाकावा. शेजाऱ्याचा हक्कही अदा होईल आणि डबाही रात्रीपर्यंत उरणार नाही.

एवढे करूनही एखाद्या रात्री पाऊल घसरेल. त्या रात्री एवढेच करावे : जे खाल्ले त्याबद्दल अल्हम्दुलिल्लाह म्हणावे, कारण ते हलाल होते, जे अधिक झाले त्याबद्दल अस्तगफिरुल्लाह म्हणावे, कारण तो इसराफ होता, आणि फजरसाठी उठता येईल अशा वेळी झोपावे. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे अल्प असूनही सातत्याने केले जाते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सात रात्रींपैकी पाच रात्री हात आवरला तर तो मनुष्य दोन रात्री हरलेला नसून पाच रात्री शिकलेला आहे. नफ्सला आवर घालणाऱ्यांसाठी सूरह अन-नाझिआतने जन्नतचे ठिकाण सांगितले आहे. तो आवर मोठ्या प्रसंगीच लागतो असे नाही. ज्याने आपला हात हलालच्या वाटीवर थांबवायला शिकवले, त्याला हरामच्या दारात तो मागे घेणे सोपे जाते.

अल्लाह आपणां सर्वांना देहाची अमानत सांभाळण्याचे, मध्यममार्गावर चालण्याचे आणि एकमेकांच्या दुर्बलतेवर पांघरूण घालण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.