स्वभावाला औषध आहे काय?



गेल्या कार्तिकात आमचा मुक्काम हैदराबादेस होता. लातूर, नांदेड, उस्मानाबादकडचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे त्या बाजूची आपली पुष्कळ घराणी व्यापाराच्या निमित्ताने या नगरीत आली आणि इथलीच झाली. काचीगुड्यातील अशाच एका घरी पाद्यपूजा व प्रसाद झाला आणि मंडळी दर्शनास बसली. घरचे किराणा दुकान, आता तिसरी पिढी. यजमानांनी थोरल्या मुलास पुढे केले, म्हणाले, "अप्पा, हा माझा उजवा हात." मग धाकट्याकडे न पाहताच म्हणाले, "आणि हा असा. जन्मतःच आळशी. स्वभावाला औषध नाही, अप्पा."

मुलगा वीस-बावीस वर्षांचा. त्याने वाकून नमस्कार केला, भस्म घेतले आणि आत निघून गेला.

यजमानांची पुतणी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकते. काका उठल्यावर ती हळूच म्हणाली, "अप्पा, आमच्या अभ्यासात व्यक्तिमत्त्वाचा मोठा भाग आहे. त्यात असे सांगत नाहीत." आम्ही तिला बसवून घेतले. त्या दुपारची विश्रांती राहिली, पण जे कळले ते तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते. कारण यजमानांचे वाक्य तुमच्या-आमच्या घरी रोज बोलले जाते.

'व्यक्तिमत्त्व' हा शब्द आपण ज्या इंग्रजी शब्दासाठी योजला, त्याचे मूळ लॅटिन 'पर्सोना', म्हणजे नटाचा मुखवटा. आमच्या संस्कृतात 'व्यक्त' म्हणजे प्रकट झालेले. एक शब्द झाकणारा, दुसरा उघड करणारा, आणि दोन्ही एकाच वस्तूचे नाव! १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट या दोन अमेरिकन पंडितांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे शब्द वेचले, ते सुमारे १८,००० भरले. (मराठीत हे काम करायचे तर कोश नको, एक चावडी पुरे.) पुढील अभ्यासकांनी त्यांचे गट पाडत पाडत पाच मुख्य गुणविशेष ठरवले: नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, लोकांत मिसळण्याची हौस, सौजन्य आणि मनाची अस्वस्थता. ध्यानात घ्यावे ते असे की या पाच जाती नव्हेत. अमका आळशी जातीचा, तमका उद्योगी जातीचा, असे हे शास्त्र म्हणतच नाही. प्रत्येकात पाचही असतात, कमी किंवा अधिक.

मग जन्माचे काय? जन्माचा वाटा आहे, तो नाकारू नये. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसते की या गुणांत माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक आहे. पण उरलेला निम्मा? शिवाय अनेक वर्षे त्याच माणसांच्या मागावर राहून केलेले अभ्यास सांगतात की तारुण्यापासून मध्यम वयापर्यंत कर्तव्यदक्षता सर्वसाधारणपणे वाढत जाते. विसाव्या वर्षीच्या मुलावर कायमचा शिक्का मारणारा बाप घाई करतो, इतके तरी यावरून म्हणता येईल.

वाचकहो, याच हैदराबादेत या प्रश्नाची एक मोठी परीक्षा झाली आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ती ठाऊक असेल. युसुफगुड्यात लघुउद्योगांचे प्रशिक्षण देणारी एक सरकारी संस्था आहे. १९६२ पासून ती या शहरात आहे. तेव्हा तिला 'सीएट' म्हणत, आता तिचे नाव निराळे आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे डेव्हिड मॅक्लेलंड यांचे म्हणणे असे की माणसाच्या वागण्यामागे काही प्रेरणा असतात: काम उत्तम करून दाखवण्याची, माणसे जोडण्याची, सत्तेची. त्या प्रेरणा ओळखण्यासाठी एक चित्र दाखवायचे आणि त्यावर गोष्ट रचायला सांगायचे. माणूस गोष्ट चित्राची सांगतो, पण मन आपले उघडतो. १९६४ पासून गोदावरीच्या मुखाजवळील काकीनाडा शहराच्या व्यापाऱ्यांना हैदराबादेस आणून त्यांची शिबिरे घेतली गेली. काम करून दाखवण्याची प्रेरणा मोठ्या माणसात शिकवून वाढते काय, हे पाहायचे होते.

तिथल्या शिक्षणात खेळही होते. मॅक्लेलंड यांच्या अभ्यासातला एक खेळ प्रसिद्ध आहे. जमिनीत खुंटी, हातात कड्या. हव्या तितक्या अंतरावरून फेका. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात. नेम चुकत नाही, पण साधतही काही नाही. काही फार दूर जातात. तिथून चुकले तर दोष अंतराचा! ज्याला खरोखर काम साधायचे असते तो मध्यावर उभा राहतो, जिथून नेम लागणे कठीण आहे पण अशक्य नाही. आम्ही हे ऐकले आणि आमच्या मठातील कित्येक संकल्प डोळ्यांपुढे आले. पहिल्या दिवशी लाख जपाचा नेम घेणारा भक्त दूर उभा राहणाऱ्यांपैकीच. आठव्या दिवशी तो दिसत नाही.

शिबिरास गेलेले व्यापारी पुढे, न गेलेल्यांच्या मानाने, अधिक नवे उद्योग काढू लागले, असे मॅक्लेलंड व डेव्हिड विंटर यांनी १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले. दोन गोष्टी आम्हास विशेष वाटल्या. एक, जात किंवा जुने आचारविचार यांवरून कोण बदलेल हे ठरले नाही. दुसरी, ज्यांच्या हाती धंद्याचा निर्णय होता त्यांच्यात फळ अधिक दिसले. ज्याला काही ठरवण्याची मुभाच नाही, तो बदलला तरी दाखवणार कुठे?

पहिली गोष्ट आपणास नवी नाही. बाराव्या शतकात कल्याणला महात्मा बसवण्णांभोवती नावाडी, धोबी, दोर वळणारे, मोळीविके जमले. जन्म म्हणजे माणूस नव्हे, हे त्यांनी जगून दाखवले. भक्तस्थलापासून ऐक्यस्थलापर्यंत षट्स्थलाची वाट सांगितली आहे ती तरी कशासाठी? स्वभाव जन्मातच गोठत असता तर एकच स्थल पुरे होते. मात्र शरणांचा कायक आणि पंडितांची प्रेरणा एकच, असे कोणी समजू नये. मानसशास्त्र प्रेरणा किती हे मोजते. ती कोणाच्या उपयोगी पडावी हे मोजण्याचे त्याजवळ साधन नाही. आयदक्की मारय्या रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ वेचून घरी आले तेव्हा लक्कम्मांनी ते परत ठेवून यायला लावले. कायक उत्साहाने करावा, पण दासोहाच्या गरजेपुरताच वेचावा. उत्साह आणि मर्यादा एका घरात नांदल्या, त्याही पतीपत्नीच्या रूपाने.

आता एक गोष्ट आमची सांगतो. ती लिहावी की नाही यात दोन महिने गेले.

मठाच्या वसतिगृहात तेरा वर्षांचा एक मुलगा होता. दासोहाच्या पेटीतून पैसे काढताना तो दोनदा सापडला. पुढे एकदा भक्ताने दिलेले पाकीट नाहीसे झाले, तेव्हा आम्ही त्याला विचारलेसुद्धा नाही. वडिलांना बोलावून म्हणालो, "याचा पिंडच चोराचा. घेऊन जा." वडील काही बोलले नाहीत. मुलाने पेटी उचलली. दिवाळीच्या झाडलोटीत ते पाकीट भस्माच्या कपाटामागे सापडले. आम्ही गावी माणूस पाठवला. घराला कुलूप होते. पोटासाठी सारे हैदराबादेस गेले, एवढेच शेजाऱ्यांनी सांगितले.

पुतणी त्या दुपारी अमेरिकेतील १९२८ सालच्या एका अभ्यासाविषयी बोलली. हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडी करण्याची संधी निरनिराळ्या प्रसंगी देऊन पाहिली. एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणी फसवीलच, असे निघाले नाही. ती सहज सांगत होती. आमच्या डोळ्यांपुढे ती पेटी उचललेली.

आणि आम्हास हे अमेरिकेतून कळावे? परंपरा सांगते की उरिलिंगपेद्दी चोरीसाठी म्हणून एका घरी गेले आणि तिथे उरिलिंगदेवांच्या हातून चाललेली दीक्षा पाहून थबकले. मग त्याच गुरूंच्या मठात मोळ्या वाहू लागले. गुरूंनी त्यांना घालवले नाही, दीक्षा दिली. पुढे तेच पेद्दी त्या पीठावर बसले, आणि त्यांच्या वचनांत संस्कृत वचने इतकी आहेत की आमच्यासारख्या पाठशाळेत वाढलेल्याने मान खाली घालावी. ही कथा आम्ही कितीतरी वेळा कीर्तनात रंगवून सांगितली आहे. त्या मुलाला घालवले त्या वर्षीही सांगितली होती.

निघण्यापूर्वी यजमानांना आम्ही एकान्तात बोलावले. म्हणालो, "धाकट्याला दुकानाचा एक कोपरा द्या. डाळींचा म्हणा, मसाल्यांचा म्हणा. खरेदी त्याची, भाव त्याचा, वहीही त्याचीच. तोटा सोसवेल एवढाच कोपरा द्या, पण तीन महिने मधे बोलू नका."

यजमान हिशेबी गृहस्थ. बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "मसाले नको अप्पा, त्यात उधारी फार. डाळी देतो."

आत दारापाशी कोणी उभे होते. आम्ही तिकडे पाहिले नाही.