बाविसाव्या भागानंतर

सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ‘फ्रँक्स प्लेस’ ही विनोदी मालिका सुरू झाली. फ्रँक पॅरिश हा बॉस्टनमध्ये इतिहास शिकवणारा कृष्णवर्णीय प्राध्यापक. ज्या वडिलांचा सहवास त्याला कधी लाभला नाही, ते मृत्यूनंतर न्यू ऑर्लिन्समधील आपले उपाहारगृह त्याच्या नावे ठेवून जातात. ते विकून मोकळे व्हावे, या हेतूने तो तेथे जातो. परंतु मिस मेरी नावाची एक वृद्धा, जी आता केवळ जुन्या गिऱ्हाइकांनाच वाढते, त्याच्यावर चक्क करणी करते. बॉस्टनला परतलेल्या प्राध्यापकामागे एकामागून एक विघ्ने लागतात आणि अखेर तो आपला गाशा गुंडाळून वडिलांच्या त्या चुलीपाशी येतो.

या मालिकेला तयार हशाची जोड नव्हती. कोठे हसावे हे प्रेक्षकालाच ठरवावे लागे, आणि कधीकधी हसावे की गप्प राहावे, असाही प्रश्न पडे. उजळ वर्णाच्या कृष्णवर्णीयांचे एक मंडळ सावळ्या फ्रँकला सभासदत्व देऊ करते, तो भाग असाच होता. ‘द ब्रिज’ या भागाच्या लेखनासाठी ह्यू विल्सन यांना आणि त्यातील पाहुण्या भूमिकेसाठी बीआ रिचर्ड्स यांना १९८८ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मालिका बंद झाली. एकूण २२ भाग झाले.

येथे कोणावर अन्याय झाला काय? वाहिनीने कोणाला वचन दिलेले नव्हते. त्या काळच्या व्यवसायाची रीत अशी, की आधी एक नमुन्याचा भाग करायचा, तो पसंत पडल्यास १३ भागांची मागणी नोंदवायची, आणि ते बरे चालले तर आणखी नऊ. नील्सन ही संस्था निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचांवरून देशभरच्या प्रेक्षकसंख्येचा अंदाज बांधते आणि त्या संख्येवर जाहिरातीचा दर ठरतो. म्हणजे बाजारात विकायला मांडलेला माल मालिका नसून तिचा प्रेक्षक होय. ‘ही मालिका चांगली आहे काय?’ हा प्रश्न या व्यवहारात कोणी विचारतच नाही. १९८२ मध्ये एबीसी वाहिनीने ‘पोलीस स्क्वॉड’ ही मालिका अवघ्या सहा भागांत गुंडाळली. ती प्रेक्षकाला लक्ष देऊन पाहावी लागते, असे कारण वाहिनीच्या प्रमुखाने दिले! (पुढे १९८८ मध्ये तिच्यातूनच ‘द नेकेड गन’ हा चित्रपट निघाला आणि तो उत्तम चालला, ही गोष्ट वेगळी.)

माझ्या मते खरा दोष बंद करण्यात नाही. तो निवाड्याच्या घाईत आहे. अशा मालिकेतील विनोद हा ओळखीचा विनोद असतो. परक्या माणसाच्या लकबीवर आपण हसत नाही. घरच्या आजोबांनी तोच चष्मा पुन्हा शोधायला घेतला, की हसू आवरत नाही. ही ओळख व्हायला वेळ लागतो. ‘चीअर्स’ ही मालिका १९८२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या यादीत जवळजवळ तळाशी होती. एनबीसी वाहिनीने धीर धरला आणि ती १९९३ पर्यंत चालली. ‘साइनफेल्ड’चा नमुन्याचा भाग १९८९ मध्ये दाखवल्यानंतर त्याच वाहिनीने भीतभीतच केवळ चार भाग मागवले होते, तिचा शेवट व्हायला १९९८ उजाडले. याउलट ‘फ्रँक्स प्लेस’चा वार आणि वेळ वर्षभरात अनेकदा बदलण्यात आली. ज्याचा पत्ताच सतत बदलतो, त्याच्याकडे शेजारी जाणार तरी कसे?

तथापि हळहळणाऱ्यांनीही थोडे सावध राहावे. जी मालिका अकाली थांबली, तिचे थकलेले सहावे वर्ष कोणी पाहिलेले नसते. त्यामुळे तिच्या वाट्याला केवळ गुणगान येते. शक्यता म्हणजे सिद्धी नव्हे. शिवाय अल्प असणे आणि खुडले जाणे यांत अंतर आहे. इंग्लंडमधील ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ व १९७९ मध्ये मिळून १२ भाग झाले आणि लेखकांनी आपखुशीने लेखणी खाली ठेवली. तिच्याविषयी कोणी गळा काढत नाही. आपल्या दूरदर्शनवरही एके काळी १३ भागांची मंजुरी देण्याची रीत होती. शेवट कोठे येणार हे लेखकाला पहिल्याच दिवशी ठाऊक असे. मर्यादा आधी सांगितली, तर माणूस तिच्यात घर बांधतो.

तुटलेले पुन्हा जोडता येते काय? ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ला २००४ मध्ये सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी मिळाला, तरी फॉक्स वाहिनीने २००६ मध्ये ती थांबवली. शेवटचे चार भाग एकाच रात्री दाखवले, तेही तुरीनच्या हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा दुसऱ्या वाहिनीवर चालू असताना. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने तिचे पुनरुज्जीवन केले. परंतु नट आपापल्या कामांत गुंतलेले होते. सारे कुटुंब क्वचितच एकत्र दिसले. ज्या घरातील भांडणांसाठी लोक ती मालिका पाहत, ते घरच भरेना.

सेमिनरीत अ‍ॅरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकताना दहाव्या पुस्तकातील एक भेद मला फार सूक्ष्म आणि, खरे सांगायचे तर, निरुपयोगी वाटला होता. घर बांधण्याची क्रिया छप्पर चढेपर्यंत अपूर्ण असते. पाहण्याची क्रिया मात्र प्रत्येक क्षणी पूर्ण असते, तिला पुढच्या क्षणाची गरज नसते. आनंदही तसाच, असे त्याचे म्हणणे. आज वाटते, की मालिका या दोहोंच्या मध्ये उभी आहे. मिस मेरीच्या करणीवर एका संध्याकाळी आलेले हसू पूर्ण होते. बाविसावा भाग शेवटचा ठरला म्हणून ते मागाहून उणे होत नाही. अपूर्ण राहिली ती ओळख. फ्रँकला वडील कितपत उमगले असते, हे आता त्याच्या लेखकालाही सांगता येणार नाही, कारण ते अजून घडायचे होते.

‘फ्रँक्स प्लेस’च्या बाबतीत एक दुःख अधिक आहे. तिच्या आरंभी लुई आर्मस्ट्राँग यांचा आवाज येई आणि भागाभागांत जुनी गाणी वाजत. त्या गाण्यांचे हक्क विकत घेणे इतके खर्चिक, की वर्षानुवर्षे ही मालिका रीतसर विक्रीला आलीच नाही. ज्यांनी त्या वेळी घरच्या टेपवर काही भाग उतरवून घेतले होते, ते आपल्या टेपा एकमेकांना देत राहिले.