कोणता नियम आणि कोणाचा नियम

माणूस समाजापासून तुटतो, असे आपण सहज बोलून जातो. परंतु हे तुटणे एकाच जातीचे नसते. समाजशास्त्राने त्याला दोन नावे दिली आहेत : 'ॲनोमी' म्हणजे नियमशून्यता आणि 'एलिएनेशन' म्हणजे परात्मभाव. पहिली कल्पना एमिल दुर्खीमने १८९३ व १८९७ च्या आपल्या ग्रंथांत मांडली. दुसरी कार्ल मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांत आहे, आणि ती हस्तलिखिते १९३२ साली प्रसिद्ध झाली. दुर्खीम म्हणतो, अकस्मात उलथापालथ झाली, मग ती भरभराटीची का असेना, की जुनी मापे मोडतात, नवी रुजलेली नसतात आणि इच्छेला मर्यादा उरत नाही. मार्क्स म्हणतो, माणसाने स्वतः घडविलेली वस्तूच परकी सत्ता होऊन त्याच्यापुढे उभी राहते. तेथे बंधन सुटलेले असते; येथे ते घट्ट असते, पण दुसऱ्याच्या हातचे असते.

हा भेद आम्हांस ग्रंथांपेक्षा आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगुच्या परिसराने अधिक शिकविला. तेलुगु, मराठी आणि गोंडी बोलणाऱ्यांचा हा मुलूख. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता मोडली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९५० मध्ये कुळकायदा आला. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यच नाहीसे होऊन किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले व तलमडुगु आंध्र प्रदेशात राहिले. आठ वर्षांत इतके फेरफार पाहणाऱ्या कुळाचा प्रश्न एकच असणार : 'आता कोणता नियम?' ही नियमशून्यता.

याच जिल्ह्यातील गोंडांचा प्रश्न निराळा होता. राखीव जंगलाची हद्द आखली गेली, तेव्हा नियमांची वाण मुळीच नव्हती. होती ती आपलेपणाची. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारला गेला, तो या दुसऱ्या प्रश्नापायी : 'कोणाचा नियम?' कायद्याच्या इंग्रजीत जमिनीच्या हस्तांतरणालाही 'एलिएनेशन' हाच शब्द आहे. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींची जमीन परहस्ते जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम १९६३ मध्ये तेलंगणास लागू झाला. जमिनीच्या परकेपणावर विनियम निघाला; माणसाच्या परकेपणावर असा विनियम काढता येत नाही.

मेल्विन सीमन या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ साली परात्मभावाचे पाच अर्थ सांगितले आणि त्यांत नियमशून्यतेचाही अंतर्भाव केला. वर्गीकरणापुरते ते ठीक आहे. उपचार करू जाता मात्र दोहोंना एक मानणे घातक ठरते. ज्याला नियमच सापडत नाही त्याला स्थिर नियम द्यावा लागतो. ज्याला नियम परका वाटतो त्याच्यावर आणखी दहा नियम लादले, तर त्याचे परकेपण दसपट होते.

एकदा सरहद्दीकडील एक वृद्ध मराठी शेतकरी तेलुगूतील कागद घेऊन आमच्याकडे आला. आम्ही तो वाचवून घेतला आणि त्यातील कलमे त्याला नीट समजावून दिली. तो म्हणाला, "साहेब, कागद बरोबर असंल. पण मला कोणी इचारलं होतं का?" आम्ही पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत होतो, तो दुसरा प्रश्न विचारीत होता. समोरच्याचे दुःख ऐकताना त्याचा प्रश्न या दोहोंपैकी कोणता, एवढे आधी ओळखणे, हे आमच्या व्यवसायाचे आणि पर्यायाने प्रत्येक सुशिक्षिताचे पहिले कर्तव्य होय. त्या दिवशी ते आमच्या हातून घडले नाही.