भिंतीत काय आहे?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरातील भूमी हादरली. माणसे दगावली ती मुख्यतः स्वतःच्याच घरांखाली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेली माती यांनी झोपेतच घात केला. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. सिमेंटचे घर म्हणजे निर्धास्त झोप, हा विश्वास मराठवाड्यात तेव्हापासून अधिकच रुजला.

या विश्वासाला स्मरूनच पुढील प्रश्न मांडतो. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळया घडतात. भंगारावर जस्ताचा मुलामा असतो, जुना रंग असतो. त्यांतले जस्त व शिसे, कधी कॅडमियमही, धुराबरोबर वर जाते आणि गाळणीच्या पिशव्यांत बारीक धूळ होऊन साठते. ही धूळ काँक्रीटमध्ये मिसळावी काय? (झोतभट्टीच्या दाणेदार मळीपासून होणारे सिमेंट ही निराळी गोष्ट; ते जुने व मान्यताप्राप्त आहे.)

मिसळावी म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. उघड्यावरचा ढीग काही निष्पाप नसतो. तो वाऱ्याने उडतो, पावसाने विहिरीपर्यंत झिरपतो. नांदेडला गोदावरीचे पात्र वाळूसाठी किती ओरबाडले गेले, हे आपण पाहतोच. सिमेंट जड धातूंना बऱ्याच अंशी बांधून ठेवते. उद्योगाला स्वतःचा कचरा पुन्हा वापरता येत नाही, ही खंत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातही व्यक्त केली आहे. २०१६ च्या घातक अपशिष्ट नियमांनुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने असा पुनर्वापर करता येतो.

तरीही मन अडते. जस्तामुळे सिमेंट उशिरा घट्ट होते. ही अडचण प्रमाण सांभाळून सोडवता येईल. परंतु प्रयोगशाळेतील पाझर-चाचणी आजच्या तुकड्याची परीक्षा घेते. भिंत पन्नास वर्षे उभी राहते, हवेतील कर्बवायूने तिचा अल्कधर्म हळूहळू उणावतो, कोणी खिळा ठोकतो, कोणी दार फोडतो. किल्लारीच्या शेतकऱ्याला माळवदाचा धोका ठाऊक नव्हता हे खरे, पण ती माती त्याने स्वतःच्या हाताने टाकली होती. घरकुलात राहणाऱ्या बाईला तिच्या भिंतीत काय आहे हे कोण सांगणार? तिची संमती कोणी मागितली? स्वस्त घर मिळाले एवढ्यावरून तिने सारे मान्य केले, असे धरणे मला अन्यायाचे वाटते.

माझ्या मते प्रारंभ कारखान्याने आपल्याच आवारापासून करावा: स्वतःची कुंपणभिंत, स्वतःच्या गोदामाची फरशी. मालक जेथे रोज वावरतो तेथे ती काही वर्षे टिकू द्या, तिच्या पायथ्याचे पाणी तपासा. आणि कोणत्या बांधकामात किती धूळ गेली याची नोंद ग्रामपंचायतीत, घराच्या उताऱ्याबरोबर राहू द्या. कारण एक दिवस ती भिंत पाडली जाईल आणि राडारोडा ट्रॅक्टरमधून कोणाच्या तरी पाणंद रस्त्यावर भरावासाठी जाईल. ट्रॉली भरणाऱ्या मजुराच्या तोंडावर तेव्हा बहुधा एक उपरणेच असेल.