न ठरवलेल्या वाटेसाठी

देवा, मागणं नंतर मांडतो. आधी आभार.

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोत पळत दोन फेऱ्या मारून परतायचं, एवढंच मनात धरून आम्ही दोघं घराबाहेर पडतो आणि तू आम्हाला लांब कुठल्या कुठे नेतोस. त्या सगळ्या सकाळींसाठी तुझे आभार. डेपोतल्या जुन्या झाडांखाली तेव्हा अंधारच असतो. पहिली फेरी अंग मोकळं करण्यात जाते, दुसरीत श्वास लयीत येतो. आता घरी वळायचं, तेवढ्यात सोबती म्हणतो, "तिसऱ्या गेटापर्यंत जाऊन येऊया की." गेटापाशी पोहोचलं की अनगोळ जवळ वाटतं. अनगोळ मागे पडलं की घरं विरळ होतात आणि येळ्ळूरची शिवारं सुरू होतात. "वळूया का" हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

भाद्रपद सरताना बासमती फुलोऱ्यावर येतं, तेव्हाचा येळ्ळूरचा रस्ता तू आम्हाला दाखवलास. ओल्या मातीचा आणि भाताचा वास एकत्र येतो, बांधावरच्या गवताने पायमोजे भिजतात, समोर राजहंसगडाचा माथा ढगात अर्धा बुडालेला असतो. त्या दिवशी गडावर जायचं आमच्या स्वप्नातही नव्हतं. जवळ पाणी नाही, खिशात पैसे नाहीत. येळ्ळुरात एका आजीने अंगणातूनच विचारलं, "कुठनं आलासा रे पोरांनो?" आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. तिला सुखात ठेव. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली आमच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा माणसांच्या तहानेसाठी इथे विहीर खणली गेली. ती काँग्रेस विहीर अजून आहे. परतीच्या वाटेवर ती दिसली की पाणी देणाऱ्या सगळ्या हातांची आठवण होते.

गडाच्या चढाला बोलणं थांबलं. नुसते श्वास आणि बुटांचा आवाज. वळणावर समोरून दुधाची गाडी आली तसा सोबती न सांगता माझ्या मागे सरला, गाडी गेल्यावर पुन्हा खांद्याला खांदा लावून आला. वर सिद्धेश्वराच्या देवळापाशी हात जोडले तेव्हा दोघांच्याही मांड्या थरथरत होत्या आणि खाली सगळं बेळगाव धुक्यातून हळूहळू वर येत होतं. उतरताना तो वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलला. चहाच्या टेबलावर समोरासमोर बसून हे त्याला कधीच सांगता आलं नसतं. रस्त्याकडे बघत, पावलांच्या तालात, त्याने सगळं सांगितलं. मी काही सल्ला दिला नाही, नुसता बरोबर पळत राहिलो. माणसाला असं बोलतं करणारी वाट तू आखलीस, देवा, याचं ऋण मोठं आहे.

त्याच्या घरी कन्नड, माझ्या घरी मराठी. सीमाप्रश्नावर आमचं एकमत नाही आणि ते होईल असंही दिसत नाही. तरी पहाटे साडेपाचला तो माझ्या दाराशी उभा असतो. हे तसंच राहू दे.

शरीराची रचनाही तू किती विचाराने केलीस! बोलत पळता येईल एवढाच वेग ठेवला की श्वासाला ओढ लागत नाही, अंगातली शिदोरी पुरवून पुरवून वापरली जाते आणि अंतर आपोआप वाढतं. म्हणून तर सोबतीने माणूस लांब जातो. घड्याळावरचे आकडे बघत एकट्याने पळतो तेव्हा मी लवकर दमतो.

आमच्या बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांनाही पाय तूच दिलेस. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये ते मॅरेथॉन पळाले. तेव्हा ते अंतर 42.75 किलोमीटर होतं. 2 तास 50 मिनिटं आणि काही सेकंदांत ते पुरं करून चौगुले 19 वे आले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी खेड्यातली पोरं पाहून दोराबजी टाटांनी ऑलिम्पिकला भारताचं पथक पाठवण्यासाठी धडपड केली. चौगुल्यांचं नाव इथल्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवं. ते नाव त्यांच्या तोंडी रुळू दे.

आता मागणं. सोबत्याचे गुडघे सांभाळ, माझेही. त्याच्या वडिलांना बरं कर. खानापूर रोडवरच्या ट्रकवाल्यांची झोप पुरी होऊ दे, पहाटे त्यांची नजर आमच्यावर वेळेत पडू दे. गल्लीतल्या कुत्र्यांना पोटभर मिळू दे. वय वाढेल तसा वेग कमी कर, माझी हरकत नाही. पण "अजून थोडं पुढे" म्हणणारा सोबती काढून घेऊ नकोस. जो एकटाच पळतोय त्याला असा कोणीतरी भेटव.

आणि एक मागणं या सगळ्यांहून मोठं आहे. आम्ही दोघं पुरुष आहोत म्हणून न ठरवता, कोणाला न सांगता, अंधारातून येळ्ळूरपर्यंत जाऊ शकतो. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण डेपोच्या फाटकाबाहेर जात नाहीत, उजाडल्याशिवाय तर निघतही नाहीत. त्यांच्याही पायांत तेवढंच बळ आहे. देवा, हा रस्ता त्यांच्यासाठी निर्धोक कर, आणि तो तसा करण्याचं आमचं जे काम आहे ते आमच्याकडून करून घे.